मुरगळलेला पाय

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि स्वयंपाकघरातली अवघडलेली शांतता एकदाची मोडली. दूध वर आलं होतं. ती धावत गेली, गॅस बंद केला, झाकण उचलताना बोट चटकलं ते कानाच्या पाळीला लावलं. मनातून तिने त्या दुधाचे आभारच मानले. त्या निमित्ताने टेबलापासून उठता तरी आलं. टेबलावर गाडीची किल्ली पडली होती, आणि सकाळपासून घरातली तिन्ही माणसं त्या किल्लीकडे न बघता तिच्या अवतीभवती वावरत होती.

"मग? काय ठरलं?" बाहेरच्या सोफ्यावरून नवऱ्याने विचारलं. त्याचा उजवा पाय दोन उशांवर ठेवलेला होता. घोट्याला बँडेज होतं, तिनेच बांधलेलं.

"ठरायचंय काय? टॅक्सी बघू."

"इथे? या टेकडीवर? येईल हो टॅक्सी, आपली सुट्टी संपेपर्यंत येईलच."

"नाहीतर बसू घरात. घर छान आहे."

"भिंती बघायला एवढे तास विमानात पाय आखडून घेतले का आपण?"

मुंगी टेबलाखाली बसून बुटांच्या नाड्यांना गाठी मारत होती. मुंगी म्हणजे त्यांची लेक. साखर जिथे असेल तिथे ही पोचायची, म्हणून नाव पडलं ते पडलंच. टेबलाखालून आवाज आला, "तळ्यावर पायाने चालवायच्या होड्या आहेत. तू म्हणाली होतीस जाऊ. मी विसरले नाहीये."

सुट्टीसाठी हा देश ठरला तेव्हाच एक गोष्ट न बोलता ठरली होती, की गाडी तो चालवणार. इथे सगळी रहदारी रस्त्याच्या उजव्या बाजूने, म्हणजे त्यांच्या हिशेबाने उलटी. स्टिअरिंगही उलट्या बाजूला. तिच्याच्याने ते होणार नव्हतं. तसं घरी तीही गाडी चालवायची, अगदी रोज, क्लिनिकला जायला. मग एकदा मागे घेताना बिल्डिंगच्या गेटला घासली. गेटचा रंग गेला, गाडीला पोचा आला, एवढंच. पण नवऱ्याला त्याचं जे काही वाटलं ते औरच. आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या हिने गेटला गाडी नाही लावली, गाडीला गेट लावलं." सगळे हसायचे. चहाचा ट्रे हातात धरून तीही हसायची. आणि असं हसता हसता कधीतरी तिचा हात बिचकायला लागला. पुढे बसने जायला लागली. बरं पडतं, वाचायला वेळ मिळतो, असं सांगायची.

विमानतळावरून या घरापर्यंत गाडी त्यानेच आणली होती. वाटेत एक मोठा गोल चौक लागला. त्यात तो सवयीने आपल्याकडच्यासारखा शिरला, आणि समोरून आलेल्या ट्रकने असा काही हॉर्न मारला की मागे झोपलेली मुंगी किंचाळून उठली. त्याने गाडी कशीबशी मागे घेतली, बाजूला काढली आणि मोठ्याने हसला. "बघितलंस? असं निभावून न्यायचं असतं." हसला खरा, पण त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याच संध्याकाळी बॅगा चढवताना दाराबाहेरच्या पायरीवर त्याचा पाय मुरगळला. "आई गं!" करून तो जो बसला, तो उठेना.

ती फिजिओथेरपिस्ट. पाय, मान, कंबर, खांदे हेच तिचं जग. तिने तिथेच पायरीवर बसून त्याचा बूट काढला, घोटा मांडीवर घेतला. सूज नव्हती. "इथे दुखतंय? आणि इथे?" बाहेरच्या हाडाच्या खाली, जरा पुढे अंगठा दाबला तसा तो नेमका तिथेच कळवळला. सूज नव्हती, तर नव्हती. क्लिनिकमध्ये नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, पेशंट दुखतंय म्हणाला की दुखतंय. सूज बघून दुखणं ठरवायचं नाही, एक्सरे बघून ठरवायचं नाही. दुखणाऱ्यावर आपण विश्वास ठेवला नाही, तर तो बरा व्हायला येणार कुणाकडे? या एका गोष्टीपायी ती डॉक्टरांशीही भांडली होती. मग नवऱ्यावर का नाही ठेवायचा?

तर, दुधाचे पेले भरून झाल्यावर तिने किल्ली उचलली. "अंगणात नुसती बसून बघते," म्हणाली. "बाहेर नाही काढणार."

तिने स्वतःलाच पेशंट करून टाकलं. लकवा झालेल्या माणसाला ती पहिल्याच दिवशी जिना चढायला लावत नसे. आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं, मग एक पाऊल. तशीच ती आधी बंद गाडीत बसली. गिअर शोधायला डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. मुंगीचं केसांचं लाल रबर तिने उजव्या मनगटात घातलं, की गिअर या हाताला, रस्त्याची कडही या हाताला. मग अंगणात पुढे-मागे. मग घरामागची गल्ली, जिथे एका म्हाताऱ्याच्या सायकलीशिवाय काही येत नसे. वळायचं म्हणून दांडी खाली ओढली की कोरड्या काचेवर वायपर नाचायला लागायचे, कारण दांड्याही उलट्या.

"आई वळली!" मागच्या सीटवरून मुंगी टाळ्या पिटायची.

शेजारच्या सीटवर पाय लांब करून बसलेला नवरा मात्र एक क्षण गप्प बसत नव्हता. कंपनीत तो लोकांना आत्मविश्वास शिकवायचा, त्याचा तो पगार घ्यायचा. इथे फुकट शिकवत होता. "मधली रेघ तुझ्याकडे ठेव, माझ्याकडे नाही! अगं, मला झुडपात घालतेस का? आरसा बघ. मागचं बघायला असतो तो, टिकली बघायला नाही. श्वास घे. श्वास घ्यायला विसरतेस तू."

"तू जरा सोडायला विसर," ती म्हणायची, आणि दोघंही हसायचे. खरं सांगायचं तर तिला तेव्हा तो आवडत होता. दुखऱ्या पायाने रोज तिच्या शेजारी येऊन बसत होता.

संध्याकाळी घरून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. "पाय कसा आहे गं त्याचा? शेक देतेस ना? फार चालू देऊ नकोस हो त्याला." मागून दिराच्या हसण्याचा आवाज यायचा. टीव्ही बघत असेल, असं तिला वाटायचं. रात्री निजण्याआधी मुंगी बाबाच्या घोट्यावर फुंकर घालायची, गाल फुगवून, डोळे मिटून, फार मन लावून. मग एके दिवशी तिने फुंकर घालणं सोडून दिलं. कंटाळली असेल. लहान मुलांची माया अशीच, आज ऊत आणि उद्या विसर.

तो गोल चौक पुन्हा आला तेव्हा तिच्या तळहातांना घाम फुटला. बाजाराला जायचं तर दुसरा रस्ताच नव्हता. ती थांबली, डावीकडून येणाऱ्या गाड्या जाऊ दिल्या, लाल रबराकडे बघितलं आणि शिरली. शिरली ते ठीक, पण बाहेर पडता येईना. आपली वाट आली की शेजारी कुणीतरी असायचंच. पुन्हा फेरी. पुन्हा फेरी.

"आई, अजून एकदा!" मुंगीला वाटलं, हा पाळणाच आहे.

शेवटी ती सुटली. पुढे झाडाखाली गाडी उभी केली, कपाळ स्टिअरिंगवर टेकलं, आणि रडू आलं की हसू ते तिचं तिलाच कळेना. नवऱ्याने तिच्या पाठीवर थोपटलं. त्याचा हात बर्फासारखा गार होता. तिला वाटलं, आपल्या काळजीने.

त्यानंतर मात्र भीती अशी गेली, जशी उचकी जाते. कधी गेली ते कळलंच नाही. डोंगराची चढण चढून झाली, पावसाच्या सरीतून झाली, आणि एकदा पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस काही विचारत होता त्याला तिने खाणाखुणांनी उत्तर दिलं आणि तोही खूश होऊन हात हलवत राहिला. तळ्यावर जायचा दिवस उजाडला, तेव्हा सकाळी ती म्हणाली, "तुम्ही आवरा दोघं. मी पाव घेऊन येते. एकटी."

"एकटी?" नवरा बघतच राहिला.

"एकटी," ती म्हणाली. त्याचं बँडेज तिने आठच्या आकड्यासारखं फिरवून नीट बांधलं, टोक आत खोचलं, आणि निघाली.

शेजारच्या सीटवर आज फक्त पर्स होती. कुणी श्वास घे म्हणत नव्हतं, आणि ती घेत होती. पाव घेतले, मुंगीला आवडणारे गोल, वर साखर लावलेले. येताना जवळचा रस्ता सोडून तिने मुद्दाम लांबचा धरला. काच खाली केली. काय गाणं म्हणत होती कोण जाणे, निम्मे शब्द आठवत नव्हते म्हणून तिथे ती नुसतं ला-ला करत होती. आपण आवडायला लागलोय आपल्याला, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिची तीच लाजली.

घराच्या गेटापाशी कचऱ्याची गाडी आडवी उभी होती. म्हणून तिने आपली गाडी अलीकडेच रस्त्याकडेला लावली आणि पावांची पिशवी घेऊन बाजूच्या वाटेने मागच्या अंगणाकडे वळली. मुंगीच्या हसण्याचा आवाज येत होता. अगदी पोट धरून हसण्याचा.

अंगणातल्या फरश्यांवर खडूने घरं आखली होती. आणि त्या घरांमधून तिचा नवरा लंगडी घालत होता. डावा पाय वर उचललेला. उजव्या पायावर, बँडेजच्या पायावर तो उड्या मारत होता. टाच उचलली जात होती, घोटा सगळं वजन पेलत होता, पंजा अलगद टेकत होता. शेवटच्या घरात त्याने गिरकी घेतली, त्याच एका पायावर, आणि परत फिरला.

तिच्या मनात आधी काय आलं असेल, तर ‘अरे वा, बरा झाला!’ सवयच ती. मग तिच्यातली फिजिओ जागी झाली. मुरगळलेला घोटा अशी उडी एवढ्यात मारत नाही. दुखून गेलेला पाय बिचकतो, जपतो, टेकताना विचार करतो. हा पाय कधी दुखलाच नव्हता.

आणि मग मुंगीला ती दिसली. मुंगीचं हसू पुसल्यासारखं गेलं. हळूच, ओठ न हलवता ती म्हणाली, "बाबा, पाय!"

त्याने ताबडतोब पाय टेकवला आणि कमरेवर हात ठेवून लंगडायला लागला.

ते लंगडणं तिने कदाचित माफ केलं असतं. पण मुंगीचं ते "बाबा, पाय!" काळजात कळ उठावी तसं लागलं.

"कधी आलीस?" नवऱ्याने विचारलं. "गाडीचा आवाज नाही आला."

"पाय कसा आहे?"

"आहे आता जरा... सकाळपासून बरं वाटतंय."

मुंगी बुटाच्या टोकाने खडूची रेघ पुसत होती. "बाबा, आता सांगायचं का आपण?"

तो हसला. गोल चौकातून निघाल्यावर हसला होता तसाच, मोठ्याने. "आज सांगणारच होतो तुला. तळ्यावर. सरप्राइज!"

"मुरगळलाच नव्हता?"

"अगं, पायरीवर जरासा घसरला होता की... पण ते सोड. तू बघ ना स्वतःकडे! किल्ली बघून पांढरी पडायचीस, आज एकटी पाव घेऊन आलीस! नुसतं चालव चालव म्हटलं असतं तर बसली असतीस का? मी रोज लोकांना हेच शिकवतो. एकेकाला ढकलावं लागतं."

"आणि मी दाबत होते तिथेच दुखायचं ते?"

"एवढी वर्षं जेवताना तुझ्या पेशंटच्या गोष्टी ऐकतोय. घोटा कुठे दुखतो तेवढं मलाही येतं आता." विनोद म्हणून तो बोलून गेला. ती हसली नाही, तेव्हा त्याने पिशवीकडे हात केला. "दे, धरतो मी."

तिने पिशवी सोडली नाही. "हिला कधी सांगितलंस?"

"तिने बघितलं मला. बँडेज सोडून बाथरूममध्ये उभा होतो. मग सांगावंच लागलं. पण काय पक्की आहे पोरगी! एक शब्द बाहेर नाही!" त्याच्या आवाजात कौतुक होतं. खरंखुरं कौतुक.

म्हणून फुंकर थांबली होती.

"आणि घरी? आईंना?"

"घरी सगळ्यांनाच ठाऊक आहे. खूश आहेत गं सगळे तुझ्यावर!"

शेक देतेस ना. फार चालू देऊ नकोस हो त्याला. तिला ते एकेक वाक्य आता नव्याने ऐकू आलं, मागच्या हसण्यासकट. रोज संध्याकाळी ती सासूबाईंना किती गंभीरपणे सांगत होती, सूज नाही पण काळजी घ्यावी लागेल. म्हणजे चौकातल्या त्या फेऱ्या, ती चढण, आजचा तो लांबचा रस्ता हे सगळं त्याने तिला दिलेलं होतं होय? तिने मिळवलेलं असं त्यात काहीच नव्हतं? तिचं लाल रबर, तिचं ते गाणं, आणि घरी बसून सगळे बघताहेत, चालली का गं, चालली का.

"छान," ती म्हणाली. "मग तळ्यापर्यंत आता तू चालव. पाय बरा आहे ना तुझा." आणि किल्ली पुढे केली.

"आता? अगं, तुझी सवय मोडेल."

"मोडू दे. मी दमलेय."

"मी परत येताना घेतो की."

"धर."

मुंगीच्या देखत त्याला नाही म्हणता येईना. तो बसला. सीट पुढे घेतली, मागे घेतली. आरसा हलवला, पुन्हा होता तसा केला. गाडी सुरू केली. गल्ली संपेपर्यंत ठीक होतं. पुढे मोठा रस्ता आला आणि त्याने ब्रेक लावला. एक ट्रक गेला. दोन गाड्या गेल्या. रस्ता मोकळा झाला, तरी गाडी हलली नाही. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

तिने खाली बघितलं. ब्रेकवरचा त्याचा पाय थरथरत होता. बँडेजच्या वर पोटरी फडफडत होती, वाऱ्यावर पडदा हलावा तशी. अशी थरथर कुणाला ठरवून आणता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"तू घे ना," तो म्हणाला. इतक्या हळू, की मागे ऐकू जाऊ नये. "पहिल्या दिवशी त्या चौकात... मला वाटलं संपलो आपण. मुंगी मागे होती गं. परत हात लावायची हिंमतच होईना."

"मग पायरीवर घसरलास."

त्याने नुसती मान हलवली.

"आणि सरप्राइज?"

"ते नंतर सुचलं. हिने बघितल्यावर. हिला काहीतरी सांगायला हवं होतं. मग घरीही तेच सांगितलं."

"मला सांगायचंस. मला भीती वाटतेय, एवढंच."

"तुला?" तो समोर बघत म्हणाला. "त्या गेटवरून मी तुला वर्षानुवर्षं... कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

मागे पुन्हा हॉर्न झाला. ती उतरली, समोरून वळसा घालून त्याच्या दाराशी आली. तो उतरून तिच्या जागी गेला, दोन्ही पायांनी सरळ चालत. बोनेटपाशी दोघांची गाठ पडली, तेव्हा त्याने बाजूला होऊन तिला वाट दिली, अनोळखी माणसाला द्यावी तशी.

ती बसली. त्याची भीती तिने ओंजळीत धरली असती. हेच तर काम होतं तिचं, घाबरलेल्या पायांना पहिलं पाऊल टाकायला लावणं. त्याने नुसतं म्हणायचा अवकाश होता. त्याऐवजी त्याने तिचाच विश्वास घोट्याला गुंडाळून घेतला, रोज तिच्याच हातून बांधून घेतला, आणि वर तिला धाडस शिकवलं. आताही तो शेजारी बसून मांड्यांवर हात दाबून धरत होता. तिचा हात आपसूक त्याच्या गुडघ्याकडे निघाला, धीर द्यायला. अर्ध्या वाटेत तिने तो वळवला आणि गिअरवर ठेवला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. चूक न करता, न अडखळता. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती, आणि नवऱ्याने ती कुठल्या बाजूने चालली आहे याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मागे पाव चावण्याचा आवाज थांबला.

"आई."

"हं."

"मी नाही सांगितलं म्हणून तू रागावलीस?"

"नाही गं बाळा. तुझ्यावर नाही."

मुंगीने थोडा विचार केला. आरशात तिचं तोंड दिसत होतं, ओठांभोवती साखर लागलेली. मग ती पुढे वाकली, पट्टा ताणला जाईपर्यंत, आणि बाबाच्या सीटमागून आईकडे बघत, बाबाला ऐकू जाईल की नाही याची पर्वा न करता म्हणाली, "पण आई, आता बाबांना कधी खरंच दुखलं, तर ते आपल्याला कसं कळणार?"